घारापुरी मुंबईत आहे का?

(मुंबईत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

गेटवेला बोटीत बसलं की तासाभरात घारापुरी येतं. तिकीट मुंबईत काढायचं, संध्याकाळी परतही मुंबईतच यायचं, त्यामुळे पुष्कळांना ते बेट मुंबईचंच वाटतं. कागदोपत्री ते रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे. आता हाच प्रश्न डेटाबेसला विचारायचा. एक बिंदू दिलाय, एक हद्द दिलीय, बिंदू हद्दीत आहे का ते सांग. पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसला हा प्रश्न कळावा म्हणून काय काय करावं लागलं, ते आज सांगणार आहे.

साध्या डेटाबेसला आकडा कळतो, अक्षरं कळतात, तारीख कळते. बिंदूचं म्हणाल तर अक्षांशाचा एक कॉलम, रेखांशाचा एक कॉलम, असं भागवता येतं. पण मिठी नदी दोन कॉलमांत कशी मावणार? एखाद्या वॉर्डाची हद्द म्हणजे हजारो बिंदूंची साखळी. अशी माहिती बरीच वर्षं वेगळ्या फायलींत, वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये राहायची. मी नोकरीच्या सुरुवातीला ज्या कार्यालयात होते, तिथे नागरिकांच्या तक्रारी डेटाबेसमध्ये होत्या आणि वॉर्डांच्या हद्दी नकाशाच्या खोलीतल्या एकाच कॉम्प्युटरवर. कुठली तक्रार कुठल्या वॉर्डातली हे काढायला महिन्यातून एकदा तक्रारींची यादी त्या खोलीत जायची. ती परत येईपर्यंत निम्म्या तक्रारी शिळ्या झालेल्या असायच्या. नकाशा आणि टेबल यांच्यातली ती भिंत मला तेव्हापासून खुपते. हद्दीचा आकार हा त्याच टेबलातला आणखी एक कॉलम असला पाहिजे, वॉर्डाच्या नावाशेजारी, त्याच रोमध्ये, म्हणजे ओळीत. म्हणजे हद्द बदलली तर नाव आणि आकार एकाच व्यवहारात बदलतील, नाहीतर दोन्ही बदलणार नाहीत.

हे पोस्टग्रेसमध्ये जमलं, कारण त्याच्या पायातच तशी सोय होती. १९८६ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी हा प्रकल्प हाती घेतला, तेव्हाच त्यांनी धरून चाललं होतं की लोक उद्या डेटाबेसमध्ये काय काय ठेवतील ते आपल्याला आज सांगता येणार नाही. म्हणून डेटाचे प्रकार इंजिनात पक्के ठोकून बसवलेले नाहीत. कुठले प्रकार आहेत, त्यांच्यावर कुठली ऑपरेटरं चालतात, हे सगळं डेटाबेसच्या स्वतःच्याच टेबलांत नोंदलेलं असतं. नवा प्रकार आणायचा तर मजकूर आत कसा घ्यायचा आणि बाहेर कसा दाखवायचा, अशी दोन फंक्शनं लिहायची आणि नोंद करायची. इंजिन उघडावं लागत नाही. माझ्या मते संगणकशास्त्रातला हा फार मोठ्या मनाचा निर्णय आहे.

पोस्टग्रेसमध्ये बिंदू, चौकट, बहुभुज हे प्रकार आधीपासून होते. पण ते आलेखाच्या कागदावरचे. त्यांना पृथ्वी माहीत नव्हती. २००१ मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या रिफ्रॅक्शन्स रिसर्च या कंपनीने पोस्टजीआयएसची, म्हणजे पोस्टग्रेसला नकाशाचे आकार शिकवणाऱ्या एक्स्टेन्शनची (जोडणीची), पहिली आवृत्ती खुली केली. त्याच वर्षी पोस्टग्रेसच्या ७.१ आवृत्तीत एका रोने आठ किलोबाइटांच्या पानातच मावायचं ही मर्यादा गेली. हे फार महत्त्वाचं होतं. किनाऱ्याची एक रेघसुद्धा आठ किलोबाइटांत मावत नाही.

आकार आत आला. आता तो शोधायचा कसा?

नेहमीचा इंडेक्स, म्हणजे माहिती पटकन सापडावी म्हणून डेटाबेस ठेवतो ती सूची, क्रमावर चालतो. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावता येतात, नावं अकारविल्हे लावता येतात. पण अंधेरी आणि कुर्ला यांत आधी कोण? जागेला क्रम नसतो. अक्षांशावर इंडेक्स लावला तर परळ आणि बीड जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. म्हणजे परळचं एक दुकान शोधताना मराठवाड्यापर्यंतचा सगळा पट्टा चाळायचा.

मुंबईकर जागा कशी शोधतो ते आठवा. तो आधी विचारतो, ‘वेस्टर्न की सेंट्रल?’ मग ‘स्टेशन कुठलं?’ मग ‘ईस्ट की वेस्ट?’ आणि मग ‘कशाच्या समोर?’ प्रत्येक उत्तरासरशी उरलेलं शहर बाजूला पडतं. १९८४ मध्ये अँटोनिन गटमन यांनी मांडलेला आर-ट्री हा जागेसाठीचा इंडेक्स जवळपास असाच चालतो. प्रत्येक आकाराभोवती एक सरळ चौकट आखायची, शेजारशेजारच्या चौकटी मिळून मोठी चौकट, त्यांची आणखी मोठी. शोधताना मोठ्या चौकटीपासून सुरुवात करायची आणि जी आपल्या जागेला शिवतच नाही ती आतल्या सगळ्यांसकट सोडून द्यायची. एक फरक लक्षात ठेवा. ईस्ट आणि वेस्ट यांच्यामध्ये रूळ असतात, आर-ट्रीच्या चौकटी मात्र एकमेकींवर चढू शकतात, म्हणून कधी कधी दोन्हीकडे उतरून बघावं लागतं.

पोस्टग्रेसमधला त्या काळचा आर-ट्री पोस्टजीआयएसला पुरला नाही. आठ किलोबाइटांहून मोठा आकार आला की इंडेक्स बनतानाच मोडायचा. मग पोस्टजीआयएस लिहिणाऱ्यांनी जिस्ट वापरला. १९९५ मध्ये हेलरस्टीन, नॉटन आणि फेफर यांनी मांडलेला हा सर्वसाधारण साचा आहे. त्यात आपला नियम आपण भरायचा, आणि मुख्य म्हणजे इंडेक्समध्ये अख्खा आकार न ठेवता फक्त त्याची चौकट ठेवता येते.

आता घारापुरीकडे परत येऊ. मुंबई उत्तर-दक्षिण लांब आणि चिंचोळी आहे. तिच्याभोवती सरळ चौकट आखा. दक्षिणेला कुलाबा, पूर्वेला मुलुंड. घारापुरी कुलाब्याच्या उत्तरेला आणि मुलुंडच्या पश्चिमेला आहे, म्हणजे नेमकं चौकटीच्या आत. इंडेक्स म्हणेल, हो, असेल मुंबईत. म्हणून काम दोन पायऱ्यांत होतं. पहिल्या पायरीला चौकटी बघून संशयित गोळा करायचे. हे झटपट होतं. दुसऱ्या पायरीला त्या मोजक्यांचाच खरा आकार काढून हिशोब करायचा, आणि तिथे घारापुरी बाहेर पडतं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये सुरुवातीची कित्येक वर्षं आकार तपासणारी फंक्शनं पहिल्या पायरीवरच थांबत होती. चौकटीचं उत्तर तेच अंतिम उत्तर. ५.६ आवृत्तीपासून खऱ्या आकारावर हिशोब होऊ लागला.

या चौकटीबद्दलची एक बारीक गोष्ट मला फार आवडते. जागा वाचावी म्हणून इंडेक्समधल्या चौकटीचे आकडे कमी अचूकतेत ठेवतात, आणि ते नेहमी बाहेरच्या बाजूला गोल करतात. चौकट केसभर मोठी झाली तर दुसऱ्या पायरीला एखादा आकार जास्तीचा तपासावा लागेल, एवढंच. केसभर लहान झाली तर खरं उत्तर हातचं जाईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

इंडेक्स असला की तो वापरलाच जातो असं नाही. तो वापरायचा की सरळ सगळं टेबल वाचायचं हे डेटाबेसमधला प्लॅनर हा भाग ठरवतो, आणि त्यासाठी किती रो हाती लागतील याचा त्याला अंदाज हवा. एकाच आकाराची चौकट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानावर ठेवली तर चार झोपड्या मिळतील, धारावीवर ठेवली तर हजारो. सरासरी काढून इथे काहीच साधत नाही. म्हणून ॲनलाइझ ही टेबलाची पाहणी करणारी आज्ञा चालवली की पोस्टजीआयएस जमिनीचे चौकोन पाडून कुठे किती दाटी आहे याची नोंद ठेवतं. टेबलात मोठी भर घातल्यावर ॲनलाइझ चालवायला विसरू नका. मंद क्वेरींच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांच्या, कितीतरी तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

भूमितीचा हिशोब सगळा पोस्टजीआयएसवाल्यांनी नव्याने लिहिला नाही. जावा या भाषेत जेटीएस नावाची उत्तम लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, होती, ती सी प्लस प्लसमध्ये उतरवून जिऑस तयार झाली. पृथ्वीचा गोल सपाट कागदावर आणायचं काम प्रोज ही लायब्ररी करते. तिची सुरुवात अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात जेराल्ड इव्हेंडन यांनी केली होती. ओपन सोर्सचं बळ मला इथे दिसतं. एकाचं काम दुसऱ्याच्या कामाचा पाया होतं, आणि तो पाया कुणीही तपासून बघू शकतो.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या मोजमापाच्या. आमच्या त्याच कार्यालयात मी एकदा एका नाल्यापासून पाचशे मीटरच्या आतल्या शाळांची यादी काढली. यादीत सगळ्या शाळा आल्या. शेवटचीसुद्धा सुटली नाही. माझा डेटा अक्षांश-रेखांशात होता, त्यामुळे डेटाबेसने पाचशे म्हणजे पाचशे अंश धरले. अख्खी पृथ्वी तीनशे साठ अंशांची! प्रत्येक आकारासोबत एसआरआयडी नावाचा एक क्रमांक असतो, आकडे कुठल्या मोजपट्टीतले आहेत ते तो सांगतो. जीपीएसच्या अक्षांश-रेखांशासाठी ४३२६. मुंबईसाठी मीटरमध्ये हवं असेल तर ३२६४३, म्हणजे यूटीएम या जगाचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीतला ४३ उत्तर हा पट्टा. त्यात मुंबईत किलोमीटरमागे साधारण वीस सेंटिमीटरचा फरक पडतो, शाळांच्या यादीला तो चालतो. २०१० मध्ये पोस्टजीआयएसच्या १.५ आवृत्तीत जिऑग्रफी हा प्रकार आला. तो अक्षांश-रेखांशच घेतो आणि पृथ्वीचा गोलवा धरून उत्तर मीटरमध्ये देतो. नवख्यांनी त्यानेच सुरुवात करावी.

आणखी एक. बिंदू भरताना आधी रेखांश, मग अक्षांश. बोलताना आपण उलट बोलतो. मुंबईचे ७२.८ आणि १९ उलटे भरले तर आपली मुंबई नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते. आणि जुने सर्व्हेचे नकाशे एव्हरेस्टच्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या हिशोबावर, बेतलेले आहेत. ते रूपांतर न करता जीपीएसच्या बिंदूंखाली ठेवले तर इमारती कित्येक मीटर सरकतात, दाट वस्तीत शेजाऱ्याच्या प्लॉटवर जातात.

शेवटी एका विद्यार्थिनीने विचारलं की अंतर बरोबर आलं म्हणजे झालं का. तिला मी वर्सोव्याचं उदाहरण दिलं. जेट्टीवर उभं राहिलं की मढ समोर दिसतं, होडीने काही मिनिटांचा प्रवास. पोस्टजीआयएस जे अंतर सांगेल ते या होडीच्या वाटेच्या जवळचं. पण होडी बंद असताना मढच्या बाईला वर्सोव्याच्या दवाखान्यात यायचं असेल, तर तिला मार्वे रस्त्याने मालाडला वळसा घालून यावं लागतं. तो रस्ता धरून अंतर काढायचं तर पीजीराउटिंग हे त्याच डेटाबेसवर बसणारं दुसरं एक्स्टेन्शन लागतं, आणि रस्त्यांचं असं टेबल लागतं ज्यात प्रत्येक रस्ता पुढच्याला नीट जोडलेला आहे. त्या टेबलात होडीचीही ओळ घालता येते, तिच्या वेळेसकट.