स्कूबा टँकचा खरा आकडा कसा काढायचा?

नमस्कार मंडळी, सोलापुरातून बोलतोय. आपल्याकडं समुद्र नाही, पण मालवण-तारकर्लीला जाऊन डायव्हिंग करणारे आता गावात भेटतात, आणि त्यांचा हमखास प्रश्न, टँकच्या बॉयन्सीचा, म्हणजे तो पाण्यात किती तरंगतो किंवा बुडतो याचा, कुठला चार्ट खरा मानायचा, कारण तीन ठिकाणी बघितलं की तीन आकडे.

चार्ट नंतर, आधी टँकचा खांदा, म्हणजे व्हॉल्व्हखालचा गोलाकार भाग, बघा. तिथं ठोकलेलं असतं, 3एएल3000 म्हणजे अॅल्युमिनियम आणि 3000 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), शिवाय सिरीयल नंबर, हायड्रो टेस्टचा, म्हणजे पाण्याच्या दाबानं केलेल्या तपासणीचा, महिना-वर्ष. मग त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची माहितीची शीट काढा. विकणाऱ्याच्या जाहिरातीवर जाऊ नका, ऐंशीचा, म्हणजे ऐंशी घनफुटांचा, टँक म्हणतात पण त्यात हवा मावते 77.4 घनफूट.

आता आकडे का जुळत नाहीत? कुणी व्हॉल्व्ह धरतं कुणी नाही, कुणी खारं पाणी कुणी गोडं, आणि रिकामा म्हणजे आतला दाब शून्य बार की 35 बार (बार हेही दाबाचं माप) हेपण लिहीत नाहीत. हे लिहिलेलं नसेल तर तो चार्ट सोडून द्या, सरळ.

त्यापेक्षा स्वतः हिशोब करा ना. ऐंशीच्या टँकचं वजन साधारण 14.2 किलो, भागिले 2.7 (एक लिटर अॅल्युमिनियमचं वजन किलोत), म्हणजे धातू 5.3 लिटर, आत जागा 11.1, झाले 16.4 लिटर, तेवढं पाणी टँक बाजूला सारतो. समुद्राचं तेवढं पाणी 16.8 किलो. त्यातून 14.2 गेले, व्हॉल्व्हचे साधारण 0.7 गेले, उरले जवळपास दोन किलो, म्हणजे रिकामा टँक वर ओढतो. भरलेल्या हवेचं वजन अडीच किलोच्या वर, म्हणून भरलेला बुडतो. हा फरक डाइव्हच्या शेवटी, पाच मीटरच्या सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना थोडा वेळ थांबतात तिथं, कळतो, बेल्टला शिसं कमी असेल तर माणूस तिथं थांबूच शकत नाही, वर जातो, आणि हे खरंच धोक्याचं आहे.

खात्री करायचीय? शेतातल्या विहिरीवर जा. वजनकाटा वर धरा, दोरीला नुसतं शिसं बांधून पाण्यात सोडा, वजन लिहा, मग त्याच शिशाबरोबर टँक बांधून परत लिहा. दोन्हीतला फरक म्हणजे तुमचा आकडा, फक्त गोड्या पाण्यातला, समुद्रासाठी त्यात 0.4 किलो वरच्या बाजूला धरा.

स्टीलचा टँक असेल तर त्याच्या वजनाला 2.7 च्या जागी 7.8 ने भागा. त्यातले बरेच रिकामे झाले तरी बुडतात, तेव्हा अॅल्युमिनियमचं शिसं तसंच कमरेला ठेवू नका.