फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर: माळ हातात, उशी छातीशी

(फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात त्या तीन बॉलच्या प्लास्टिकच्या डब्यापासून करू या. डिस्चार्जच्या पिशवीतून तो घरी येतो आणि चार दिवसांत नातवंडांच्या हाती लागतो. त्याला स्पायरोमीटर म्हणतात. लोक त्यात फुंकतात, ही पहिली चूक. त्यातून हवा आत ओढायची असते, स्ट्रॉने उसाचा रस ओढतो तशी. दुसरी चूक घरच्यांच्या शाबासकीमुळे होते. तिन्ही बॉल टणकन वर उडाले की सगळे खूश! पण त्या डब्यावरचे ६००, ९००, १२०० हे आकडे हवेच्या वेगाचे आहेत, मिलिलिटर दर सेकंदाला. झटका मारला की बॉल उडतात, फुप्फुसाचा तळ मात्र मिटलेलाच राहतो. पाठ सरळ करून बसा, आधी श्वास सोडून द्या, नळी ओठांत घट्ट धरा आणि सावकाश ओढा. पहिला बॉल वर जाऊन दुसरा हलू लागेल इतकंच, आणि तिथे तीन सेकंद टिकवा. तिसरा बॉल खालीच राहिला तर उत्तम. असे दहा श्वास, जागेपणी दर तासाला. मध्ये साधे श्वास घेत राहा. सलग दहा ओढले की गरगरतं, बोटांना मुंग्या येतात.

एवढा आग्रह कशासाठी? उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, डाव्याचे दोन. त्यातला एक काढला की उरलेल्यांनी पसरून जागा भरायची असते. पण बरगड्यांमधून चीर गेलेली असते, दुखतं, म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. वरवर श्वास घेतला की तळ मिटतो, तिथे कफ साचतो, कफात जंतू वाढतात आणि न्यूमोनिया होतो. ही साखळी सुरुवातीच्या काही दिवसांतच तोडावी लागते. म्हणून दुखण्याचं औषध "सहन होतंय" म्हणून टाळू नका. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम केला तर तो नीट होतो. त्या औषधांनी पोट साफ होत नाही, ते डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा. कुंथणं टाकेवाल्या छातीला परवडत नाही.

खोकताना उशी. एक घट्ट, लहान उशी टाक्यांच्या बाजूला दोन्ही हातांनी कवटाळून दाबायची आणि मग खोकायचं. खोकल्याच्या आधी 'हफ' करून बघा: तोंड उघडं, घसा मोकळा, आरशावर वाफ धरायला करतो तसा 'हाऽऽ'. दोन हफ आणि एक खोकला, एवढ्यात कफ सुटतो. वीसदा खोकून काही साधत नाही, नुसता थकवा येतो.

वॉर्डात असेपर्यंत छातीतल्या नळीबद्दल नातेवाइकांनी एवढं लक्षात ठेवावं. नळीला जोडलेली पाण्याची बाटली कायम छातीच्या खाली, चालताना गुडघ्याच्या उंचीवर. पाण्याची पातळी श्वासाबरोबर वरखाली होते, ते चांगलं लक्षण. बुडबुडे येतात म्हणजे फुप्फुसातून अजून हवा गळते आहे. बऱ्याचदा ती आपोआप थांबते. पण बुडबुडे येत असताना एक्स-रेला नेताना नळी चिमट्याने किंवा हाताने बंद करायची नाही. आतली हवा कोंडली की फुप्फुस आणि हृदय दोन्ही दाबले जातात. बाटली कलंडली तर सरळ करा आणि सिस्टरला हाक मारा. त्वचेखाली हाताला भुसभुशीत, कुरकुर लागली तर तेही सांगा, ती त्वचेखाली शिरलेली हवा असते.

आता श्रद्धेकडे. आमच्या क्षेत्रात काही जण हा शब्द ऐकला की नाक मुरडतात. पण रोजच्या कामात एक गोष्ट दिसते: दर तासाचा व्यायाम माणूस तिसऱ्या दिवशी विसरतो, संध्याकाळची प्रार्थना विसरत नाही. तेव्हा व्यायाम प्रार्थनेला बांधून टाका. पाच वेळची नमाज असेल तर प्रत्येक नमाजेआधी दहा श्वास, दोन हफ. दिवसाचे पाच पक्के ठोके मिळाले, बाकीचे मधल्या वेळात. विदर्भात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना गावोगाव होते, नागपूरच्या कॅन्सर रुग्णालयालाही त्यांचंच नाव आहे. त्या प्रार्थनेत ताठ, शांत बसायचं असतं, म्हणजे फुप्फुस पसरायची बैठक आपोआप मिळते. विपश्यनेतलं आनापान करणाऱ्यांना श्वास बघायची सवय असतेच. त्यांनी सुरुवातीचे काही दिवस नुसता न बघता तो मुद्दाम खोलही घ्यावा, एवढीच दुरुस्ती.

माळेचा उपयोग आणखी सोपा आहे. चार मणी म्हणजे चार खोल श्वास. आत घेताना शांत, वर तीन सेकंद थांबा, सोडताना ओठ जरा मिटते ठेवून मनात नाम. पाचव्या मण्यापासून आठव्यापर्यंत साधा श्वास. पुन्हा चार खोल. १०८ मण्यांची आख्खी माळ खोल श्वासात ओढायची नाही, गरगरेल. आणि तीन सेकंद थांबणं म्हणजे प्राणायामातला, दम कोंडून धरायचा कुंभक नव्हे. कपालभाती, भस्त्रिका, दम कोंडणं, शंख फुंकणं हे सर्जन परवानगी देईपर्यंत बंद. छातीत दाब एकदम वाढतो आणि आतला ताजा जोड त्यासाठी तयार नसतो. साष्टांग दंडवत नको, हात जोडा. सजद्यात वाकताना ओढ बसते, खुर्चीवर बसून नमाज पढा.

धुराबद्दल जरा कठोर बोलावं लागेल. अगरबत्ती, धूप, कापूर, होम, दर्ग्यातला लोबान: उरलेल्या फुप्फुसाला हा सगळा धूर सारखाच. तेलाची वात किंवा छोटा विजेचा दिवा पुरे. ताजबागच्या दर्ग्यात जायचं तर धूर नसेल अशी मोकळी जागा बघून बसा. दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत, किमो सुरू असताना, जाऊ नका. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, जंतुसंसर्ग लवकर होतो. चार दिवसांनी सकाळी गेलात तर स्तूपाभोवती निवांत चालणंही होईल.

उपवास हा नाजूक विषय. जखम भरायला प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर साधारण किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम. साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाण्याचा त्यात वाटा जवळपास शून्य. जे काही मिळतं ते शेंगदाण्याच्या कुटातून. अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास, २५ ग्रॅम सोयाबीन वडीत १३च्या आसपास. उपवास मोडवत नसेल तर दही, दूध, पनीर, शेंगदाणे यांवर करा, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर अजिबात करू नका. सावजी रस्सा थोडे दिवस लांब ठेवा. तिखटाने आम्लपित्त वर येतं, त्याने खोकला लागतो, खोकल्याने टाके दुखतात.

आणि खर्रा. बिडी-सिगारेट सोडली म्हणून छाती पुढे काढून सांगणारे पुष्कळ असतात, खिशात मात्र खर्ऱ्याची पुडी. सुपारी, चुना आणि तंबाखू. धूर नसला तरी निकोटिन तेच, आणि निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. श्वासनलिकेचं शिवलेलं टोक भरायला रक्त पोचायला हवं. वर तोंडाच्या कॅन्सरची टांगती तलवार आहेच. सुटत नसेल तर लपवू नका, निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगगमबद्दल डॉक्टरांना विचारा.

हाताचं दुखणं कोणी आधी सांगत नाही. मोठ्या चिरेत पाठीचे, काखेमागचे स्नायू दुखावतात. माणूस तो हात पोटाशी धरून वाकून चालू लागतो आणि महिना-दीड महिन्यात खांदा आखडतो. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, ऑपरेशनच्या बाजूची बोटं मुंगीसारखी वर चढवा, जिथे थांबली तिथे पेन्सिलने रेघ आणि तारीख. दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. रोज रेघ वर सरकायला हवी असं नाही, आठवड्याने सरकली तरी चालेल. देवळात जाणाऱ्यांनी एक लक्ष्य ठेवावं: त्याच हाताने घंटा वाजवायची. घंटेपर्यंत हात गेला की वरच्या फळीवरचा डबाही निघतो आणि केसही विंचरता येतात.

चालणं घरातल्या घरात पाच मिनिटांपासून, दिवसातून चार-पाच वेळा. उन्हाळ्यात, पारा ४५ला टेकतो तेव्हा, सकाळी सातच्या आत. मग फुटाळा तलाव असो की अंबाझरी. चालता चालता भजनाची एक ओळ म्हणता आली तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांवर तुटली तर हळू व्हा. मोठी चीर असेल तर साधारण सहा आठवडे चार-पाच किलोंवर वजन नाही. पाण्याने भरलेली बादली दहा किलोंच्या पुढे जाते, सिलिंडरला तर हातच लावायचा नाही. कूलर लावताना जुनी गवताची ताटी बदला आणि टाकीतलं पाणी साचू देऊ नका. तो कुबट वास म्हणजे बुरशी. नवस असेल, रामटेकच्या पायऱ्या किंवा नवरात्रात कोराडीला पायी, तर फेडा. पण देवाला तारीख देऊ नका. एक जिना न थांबता चढता येऊ लागला की डॉक्टरांशी बोलून पुढचं ठरवा. रामटेकला गडावर गाडीही जाते.

आता सोबतीच्या माणसाबद्दल, म्हणजे हेच ऑपरेशन आधी झालेला आणि नव्या रुग्णाला येऊन भेटणारा. टाक्यांपासून स्तनाखालपर्यंत बधिरपणा, मधूनच आग, विजेसारखी चमक: हे बरगडीखालची नस दुखावल्याने होतं आणि काही महिने राहू शकतं. डॉक्टर ते एका वाक्यात सांगतात. पण वर्षापूर्वी त्यातून गेलेली बाई "मीही तीन महिने सुती बनियनच घालत होते, पट्टा टाक्यांवर घासायचा" असं सांगते, तेव्हा ऐकणारीचा चेहरा सैल होतो. जोडी लावताना मात्र बघून लावा. दुर्बिणीच्या छोट्या चिरांतून ऑपरेशन झालेला माणूस आठवड्यात हिंडू लागतो. पूर्ण फुप्फुस काढलेल्याला त्याच्यासमोर बसवलं तर तो खचतो. शक्यतो ऑपरेशन सारखं, वय जवळपास, आणि सांगणाऱ्याचं ऑपरेशन होऊन निदान वर्ष झालेलं असावं.

भेट वीस मिनिटांची. सुरुवात "स्टेज कोणती?" या प्रश्नाने नको, तो पूर्ण वर्ज्य. "रात्री कोणत्या कुशीवर झोपता?" इथून करा, गप्पा आपोआप उघडतात. औषधाचं नाव, डोस, कोणाचा काढा, गव्हांकुर यातलं काही सांगायचं नाही. "ही गोष्ट डॉक्टरांना विचारा" हे वाक्य सोबत्याला पाठ असलं पाहिजे. सहा-सहा महिन्यांनी सीटी स्कॅन येतो, त्याआधीचे आठ दिवस झोप उडते; त्या दिवसांत फोन करायला विसरू नका.

एक अडचण आपल्याकडे फार आहे. घरचे रुग्णाला "पाण्याची गाठ होती, काढली" एवढंच सांगतात. मग त्याला ऑपरेशन झालेल्यांच्या अशा बैठकीला आणता येत नाही, किमो का चाललीय हेही समजत नाही. बहुतेकदा त्याला सगळं कळलेलं असतं. तो तुमच्यासाठी न कळल्याचं नाटक करत असतो. "काका, तुम्हाला किती माहीत करून घ्यायचंय जी?" असा सरळ प्रश्न डॉक्टरांसमोर विचारा आणि तो म्हणेल तेवढंच सांगा.

बैठकीला येणाऱ्यांपैकी कोणी वारलं तर? ती बातमी व्हॉट्सअॅपवर टाकू नका. ज्यांची ओळख होती त्यांना एकेकाला फोन करा, आणि ज्याचा स्कॅन उद्या आहे त्याला त्याच्या घरच्यांना विचारून.

अचानक दम लागला, एकच पोटरी सुजली, खोकल्यातून रक्त आलं, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, छातीत धडधड थांबेना, किंवा पूर्ण फुप्फुस काढलेल्याला एकदम पातळ, गंजासारखं पाणी खोकल्यातून येऊ लागलं, तर ना अंगारा, ना सोबत्याचा सल्ला. १०८ला फोन. यातला शेवटचा, गंजासारख्या पाण्याचा त्रास असेल तर गाडी येईपर्यंत रुग्णाला ऑपरेशन झालेल्या कुशीवर टेकून ठेवा, नाहीतर ते पाणी चांगल्या फुप्फुसात उतरतं.

आपल्या वस्तीत अशी बैठक सुरू करायची असेल तर देवळाचा सभामंडप, विहार, मशिदीलगतची खोली, काहीही चालेल. तळमजल्यावरची, पंखा असलेली, त्या तासापुरती धूप-अगरबत्ती बंद. खुर्च्या हाताच्या असू द्या, नाहीतर उठताना सगळा भार टाक्यांवर येतो. सतरंजी घरच्यांसाठी अंथरा, आणि दोन-चार जास्तीच्या उशा ठेवा, कारण हसताना लागतात.