हुग्गीतला गहू

(सोलापुरात शेतकरी आणि कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांपुढे एका निवृत्त गहू पैदासकाराने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. ज्वारीच्या गावात येऊन गव्हावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. मी अक्कलकोट तालुक्यातला. माझ्या लहानपणी घरात रोज भाकरी असायची. गहू सणावाराला, नाहीतर कुणी आजारी पडलं तर. पण लग्नात हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, हवीच. आणि हुग्गीला गहू कुठला, तर खपली. दुसरा घातला की म्हातारी माणसं पहिल्याच घासाला ओळखायची. खपलीचा दाणा शिजून मऊ होतो, तरी अखंड राहतो. बाकीच्यांची लापशी होते. कन्नड बोलणारे आमचे शेजारी खपलीला जवे गोधी म्हणत. नाव वेगळं, पातेलं एकच.

ही खपली मला पुढे नोकरीत पुन्हा भेटेल असं वाटलं नव्हतं. भेटली ती ग्रंथालयात, एका जुन्या अहवालात. गव्हाचा तांबेरा ही बुरशी आहे हे तुम्हाला माहीतच आहे. पण तांबेरा एक नसतो. खोडावरचा काळा, पानावरचा नारिंगी, तिसरा पिवळा, आणि या प्रत्येकाच्या पोटात पुन्हा कितीतरी प्रकार. डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात. मग ओळखायचे कसे? वेगवेगळ्या गव्हांवर सोडून बघायचं, कुणावर चढतो आणि कुणावर चढत नाही. अमेरिकेत मिनेसोटामध्ये स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ साली काळ्या तांबेऱ्यासाठी असा १२ गव्हांचा संच ठरवला. पुढे कित्येक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा तोच संच वापरत राहिल्या. त्या १२ नावांत मार्क्विस आहे, कोटा आहे, कुबांका आहे आणि शेवटचं नाव आहे खपली. इंग्रजी लिपीत, पण खपलीच. मी त्या पानावर बोट ठेवून बराच वेळ बसलो होतो. आमच्या लग्नातल्या हुग्गीचा गहू तिकडे तांबेऱ्याची परीक्षा घेत होता.

परीक्षक म्हणून तिला बसवलं, कारण त्या काळचे बहुतेक प्रकार तिच्यावर चढतच नव्हते. आता पैदासकाराला, म्हणजे नवे वाण काढणाऱ्याला, अशी झाडं दिसली की हात शिवशिवतात. ऑस्ट्रेलियात वॉटरहाऊस नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी तिकडच्या स्टाइनवेडेल या गव्हाचा आपल्या खपलीशी संकर केला आणि वाणाला नाव दिलं खापस्टाइन. खपलीतलं खाप आणि स्टाइनवेडेलमधलं स्टाइन. आमच्या धंद्यात बारसं असंच होतं. आपल्या निफाडला केनियाच्या गव्हाशी संकर करून तांबेऱ्याला तोंड देणारे वाण काढले, त्यांचं नाव केनफाड. इथल्या जुन्या शेतकऱ्यांपैकी कुणी केनफाड पेरलेला असेलही.

खापस्टाइनमधून खपलीचं जे जनुक पुढे आलं त्याला एसआर १३ म्हणतात. १९९८ साली युगांडात काळ्या तांबेऱ्याचा एक नवा प्रकार सापडला, युजी ९९. राय या धान्याकडून गव्हात आणलेलं एसआर ३१ नावाचं जनुक तोवर जगभरच्या वाणांमध्ये घातलेलं होतं, आणि या तांबेऱ्याने नेमकं तेच मोडून काढलं. सगळ्या घरांना एकच कुलूप, आणि चोराला किल्ली सापडलेली. हरित क्रांतीचे नॉर्मन बोरलॉग तेव्हा नव्वदीच्या घरात होते, तरी जगाला ओरडून सांगत फिरले. शोधाशोध सुरू झाली तेव्हा या कुळाला अडवणाऱ्या जनुकांत एसआर १३ निघालं. २०१७ मध्ये ते नेमकं वेगळं करून वाचलं गेलं. त्यात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तांबेऱ्याविरुद्धची काही जनुकं गरमी वाढली की ढिली पडतात. हे मात्र चढ्या तापमानात जास्त चांगलं काम करतं. याचा अर्थ खपलीपुढे काहीच टिकत नाही असा घेऊ नका. इथिओपियात तिच्या या जनुकाला चकवणारे प्रकार सापडलेले आहेत. बुरशीला आपल्यापेक्षा घाई असते.

तर मग खपलीचे गुण सरळ उचलून लोकवनात घालायचे, एवढी का अडचण? विद्यार्थ्यांनी हे नीट ऐका, परीक्षेत येतं. खपलीत २८ गुणसूत्रं. बन्सी, म्हणजे शेवया-कुरडयांचा कडक गहू, त्यातही २८. चपातीच्या गव्हात ४२. हा ४२ चा गहू माणसाच्या शेतीशिवाय झालेला नाही आणि कुणी ठरवून केलेलाही नाही. सुमारे आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या बाजूला खपलीच्या कुळातला गहू माणसाने पेरलेला होता. त्याच रानात एक गवत होतं, एजिलॉप्स टाउशी, १४ गुणसूत्रांचं. त्याचे पराग याच्यावर पडले, पुढे गुणसूत्रं दुप्पट झाली, आणि २८ अधिक १४, असा ४२ चा गहू उभा राहिला. शेतकऱ्याच्या शेतात, शेतकऱ्याच्या नकळत. जपानमध्ये किहारा आणि अमेरिकेत मॅकफॅडन व सिअर्स यांनी १९४० च्या दशकात हा तिसरा पालक ओळखून काढला.

पण हा अपघात फार थोड्या वेळा घडला. रानभर पसरलेल्या त्या गवतातली मूठभर झाडंच आपल्या गव्हात आली. बाकीचं गवत रानातच राहिलं. म्हणून चपातीच्या गव्हाचा तो तिसरा हिस्सा आजही विविधतेच्या बाबतीत गरीब आहे. मेक्सिकोच्या सिमिट या संस्थेत १९८० च्या दशकापासून तो अपघात हाताने पुन्हा घडवतात. बन्सीच्या जातीचा गहू घ्यायचा, वेगवेगळ्या ठिकाणचं टाउशी घ्यायचं, संकर करून गुणसूत्रं दुप्पट करायची. त्याला कृत्रिम गहू म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. चीनमध्ये त्यातून निघालेला चुआनमाई ४२ हा वाण शेतकऱ्यांनी पेरला आहे.

आता खपली आणि चपातीचा गहू यांचं लग्न लावलं तर काय होतं? ओंबीत गुणसूत्रं ३५. जोड्या जुळताना सात जणी एकट्या उभ्या. बहुतेक फुलं वांझ. मी सुरुवातीला असा एक संकर केला होता. गव्हाच्या एकेका फुलात तीन पुंकेसर असतात. ते चिमट्याने काढायचे, ओंबीवर पिशवी घालायची, दोन-तीन दिवसांनी दुसऱ्याचे पराग आणून झटकायचे. बारा-तेरा ओंब्यांतून मला मोजून नऊ दाणे मिळाले होते, तेही सुरकुतलेले. ते पुन्हा पुन्हा चपातीच्या गव्हाशी जुळवत न्यायचे. पाच-सहा वर्षांनी तांबेरा न लागणारी झाडं हाती आली. मी खूश. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात दोन गुंठे लावली. मळणीला यंत्राने दाण्याऐवजी सालीसकट कणसाचे तुकडे बाहेर फेकले. तो म्हणाला, "साहेब, हे कांडायला तुम्हीच या." तांबेऱ्याच्या गुणाबरोबर खपलीची खपलीही आली होती. तिचं नावच त्यावरून पडलंय ना, जखमेवर धरते तशी साल दाण्याला घट्ट धरून असते. हवा तो गुण नकोशा गुणाच्या गळ्यात गळा घालून येतो. जुन्या वाणांकडून काही घ्यायचं म्हटलं की ही कटकट ठरलेली, आणि म्हणूनच पैदासकार जुन्याकडे जायचं टाळतो. मीही टाळलं. चांगल्याचा चांगल्याशी संकर करून चटकन वाण निघतो, बढतीही निघते.

मॅकफॅडन यांनी मात्र टाळलं नव्हतं. खपलीची रशियातली बहीण, यारोस्लाव. तिचा मार्क्विसशी संकर करून त्यांनी वाण काढला आणि नाव दिलं होप. त्यातलं एसआर २ हे जनुक शंभर वर्षं होत आली तरी काम देतंय. पूर्ण अडवत नाही, तांबेऱ्याची चाल मंद करतं. म्हणूनच टिकलं, असं माझं मत आहे.

हरित क्रांतीला नावं ठेवायची हल्ली पद्धत पडली आहे. मी त्यातला नाही. १९६४-६५ मध्ये देशात सव्वा कोटी टनांच्या आसपास गहू व्हायचा, आता अकरा कोटींच्या वर होतो. आणि ती क्रांतीसुद्धा विविधतेतूनच आली. जपानचा नोरिन १० नावाचा बुटका गहू, इनाझुका यांनी १९३५ साली दिलेला. युद्धानंतर तो अमेरिकेत गेला, तिथले पैदासकार व्होगेल यांच्या हातातून बोरलॉगकडे मेक्सिकोत गेला, तिथून आपल्याकडे. आमच्या उंच देशी गव्हाला खत-पाणी जास्त दिलं की तो लोळायचा. बुटका उभा राहिला. १९६६ मध्ये १८ हजार टन बियाणं मेक्सिकोतून बोटीने आलं. त्यातल्या सोनोरा ६४ या वाणाचा दाणा मात्र लाल. आपल्या बायकांनी चपाती बघून नाक मुरडलं. मग दिल्लीला त्यावर गॅमा किरण सोडून पिवळसर दाण्याची शरबती सोनोरा काढली. शास्त्रज्ञांना पोळपाटाचं ऐकावं लागलं, हे मला फार आवडतं.

लोकवनचंही सांगून टाकतो. मार्केट यार्डात पाटीवर लोकवन असं लिहितात, जणू कुठलं जंगल. गुजरातेत सणोसरा इथे लोकभारती नावाची संस्था आहे. तिथला हा लोक-१. लोक वन! त्याचा एक पालक सोनालिका, म्हणजे त्या मेक्सिकन घराण्यातलाच.

दुखणं इथेच आहे. सगळे एका घराण्यातले झाले. केंब्रिजमध्ये आर्थर वॉटकिन्स म्हणून एक गृहस्थ होते. १९२०-३० च्या दशकांत त्यांनी परदेशातल्या ब्रिटिश वकिलातींना आणि व्यापारी प्रतिनिधींना सांगून ठेवलं, की तुमच्याकडच्या बाजारात मिळेल तो स्थानिक गहू पाठवा. भारतातूनही नमुने गेले. आज त्यातले ३२ देशांचे ८२७ वाण जपलेले आहेत. २०२४ मध्ये ब्रिटन आणि चीनच्या शास्त्रज्ञांनी या सगळ्यांची जनुकं वाचून ती आधुनिक वाणांशी ताडून बघितली. जुन्या गव्हांची सात घराणी निघाली. आजचा गहू मुख्यतः त्यातल्या दोघांवर उभा. जुन्या साठ्यातली साधारण ६० टक्के विविधता आपण हातच लावलेली नाही. गव्हाचा पूर्ण जनुकीय आराखडाच मुळी २०१८ मध्ये हाती आला. माणसाच्या पाचपट मोठा आहे तो. आता कुठला तुकडा कुठून आणायचा आणि कुठे कापायचा हे आधी कळतं. माझ्या नऊ दाण्यांच्या वेळी हे असतं तर दोन गुंठ्यांची फजिती टळली असती.

सोलापूरला यातलं काय हवंय? मला विचाराल तर तांबेऱ्यापेक्षा गरमी. आपला उन्हाळा तांबेऱ्याला मारूनच टाकतो. आग्र्याच्या के. सी. मेहतांनी हे दाखवलं होतं, की मैदानात बुरशी उन्हाळा काढत नाही, ती निलगिरी-पळणीच्या डोंगरात जगते आणि दर हिवाळ्यात तिथून वर येते. पण गहू आपल्याकडे नोव्हेंबरात पेरायचा आणि दाणा भरायला लागतो तेव्हा फेब्रुवारीचं ऊन डोक्यावर. दाणा भरायचे दिवसच कमी मिळतात, मग तो बारीक राहतो. यावर उपाय काळ्या रानात, नुसत्या ओलीवर शतकानुशतकं पिकलेल्या गव्हांत शोधायचा, की पंजाबच्या पाण्यावर वाढलेल्या वाणांत? ज्वारीत आपण हे केलेलं आहे. मोहोळला गावरान मालदांडीतून निवड करून काढलेली एम ३५-१ अजून उभी आहे.

थोडं बाजाराबद्दल. खपलीला हल्ली भाव आलाय, चांगलं आहे. पण पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहितात ते धादांत खोटं. खपलीत ग्लुटेन आहे. सीलिॲकच्या, म्हणजे ज्याला ग्लुटेन सोसत नाही अशा, रुग्णाने ती खाऊ नये. खोटं सांगून चढवलेला भाव एक दिवस खपलीलाच खाली आणेल.

जनुकपेढ्या, म्हणजे जुनं बी जपून ठेवणारी कोठारं, आहेतच. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात व्हॅविलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या संस्थेतली माणसं बियाण्यांच्या पोत्यांशेजारी उपाशी मेली, पण बी खाल्लं नाही. स्वतः व्हॅविलोव्ह १९४३ मध्ये सरातोवच्या तुरुंगात वारले. सीरियातल्या अलेप्पोची पेढी युद्धात सापडली तेव्हा २०१५ साली नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बर्फातल्या कोठारातून बी परत काढावं लागलं. पण थंड खोलीत ठेवलेलं बी तुमच्या फेब्रुवारीला सामोरं जात नाही. ते रानातच व्हावं लागतं.

मघाशी मागच्या रांगेतून एका ताईंनी विचारलं, की आमच्या सासूबाई राखेत घालून डब्यात खपलीचं बी ठेवतात, त्याला कुणी विचारेल का. विचारेल. राष्ट्रीय जनुकपेढीचं केंद्र अकोल्याला आहे. गहू स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे दुसरं बी मिसळू दिलं नाही तर घरचं बी वर्षानुवर्षं तसंच राहतं. फक्त एक करा. पाठवताना कांडलेलं पाठवू नका. पाच-पन्नास ओंब्या कुसळासकट, कागदात गुंडाळून पाठवा, आणि चिठ्ठीत लिहा की हुग्गी करताना ती किती वेळ शिजते. आमच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही, पण तुम्ही लिहा.