दोन जागा जास्त, तरी मुख्यमंत्रिपद नाही

श्रोतेहो, नमस्कार.

आघाडीचं सरकार येणार म्हटलं की घराघरांत चर्चा सुरू होते, मंत्री कोण होणार. त्याच्या आधीचा प्रश्न असतो, मंत्री किती होऊ शकतात. उत्तर एकच आहे, 43. पुन्हा सांगतो, 43. संविधानाच्या 164 व्या अनुच्छेदात 2003 साली 91 व्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा आली. मुख्यमंत्री धरून मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. आपली महाराष्ट्राची विधानसभा 288 जणांची. 15 टक्के म्हणजे 43.2, आणि म्हणून 43. कॅबिनेट मंत्री त्यात, राज्यमंत्री त्यात, उपमुख्यमंत्रीही त्यातच. उत्तर प्रदेशात 1997 साली कल्याणसिंहांचं मंत्रिमंडळ 93 जणांचं झालं होतं. ते प्रकार थांबावेत म्हणून ही दुरुस्ती झाली.

मर्यादा खालच्या बाजूलाही आहे. 12 पेक्षा कमी मंत्री चालत नाहीत. तरी 2022 साली 30 जून ते 9 ऑगस्ट राज्याचा कारभार मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री या दोघांनीच पाहिला. मंत्र्यांसमोर चालणाऱ्या अपिलांच्या सुनावण्यांचे अधिकार सचिवांकडे द्यावे लागले. शेतजमिनीच्या वादात मंत्रालयापर्यंत आलेल्या माणसाला मंत्री नसणं म्हणजे काय, ते नेमकं कळतं. 12 चा आकडा किती दिवसांत गाठायचा हे कायद्यात लिहिलेलं नाही. ते लिहायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि 9 ऑगस्टला ज्या 18 जणांनी शपथ घेतली त्यांत एकही महिला नव्हती. हे मला आजही खटकतं.

बाकीची रीत तुम्हाला ठाऊक आहे. निकाल लागतात, प्रत्येक पक्ष गटनेता निवडतो, पाठिंब्याची पत्रं राज्यपालांकडे जातात, राज्यपाल मुख्यमंत्री नेमतात. इतर मंत्री राज्यपाल नेमतात ते मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने. हे झालं कागदावर. आघाडीत मात्र मित्रपक्षाची नावं त्या पक्षाचा नेता देतो आणि मुख्यमंत्री ती पुढे पाठवतात. मंत्री वगळायचा असला तरी आधी त्या नेत्याला विचारावं लागतं. आणि लक्षात ठेवा, शपथ घेतली म्हणजे खातं मिळालं असं होत नाही. खातेवाटपाची यादी मुख्यमंत्री राज्यपालांकडे वेगळी पाठवतात. ती मंजूर होईपर्यंत मंत्री बिनखात्याचा असतो. शपथ वेगळी, खातं वेगळं.

आता 2004 ची गोष्ट. आघाडीचं मंत्रिमंडळ कसं घडतं हे समजून घ्यायला याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

त्या वर्षी 13 ऑक्टोबरला मतदान झालं, 16 ला निकाल आले. काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकत्र लढले होते. काँग्रेसच्या वाट्याला 157 जागा होत्या, राष्ट्रवादीच्या 124. म्हणजे राष्ट्रवादी 33 जागा कमी लढली. आणि निकाल काय? काँग्रेस 69, राष्ट्रवादी 71. कमी लढलेला पक्ष दोन जागांनी पुढे. पुन्हा ऐका, 69 आणि 71.

आघाडीचा साधा रिवाज असा की ज्याचे आमदार जास्त, त्याचा मुख्यमंत्री. 1999 साली काँग्रेसचे 75 आणि राष्ट्रवादीचे 58 होते, म्हणून विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि छगन भुजबळ उपमुख्यमंत्री. तोच रिवाज 2004 ला लावला तर खुर्ची राष्ट्रवादीची. दोघांची बेरीज मात्र 140 होती आणि बहुमताला 145 लागतात. म्हणजे लहान पक्षांचा आणि अपक्षांचा पाठिंबाही हवा होता, आणि पाठिंबा देणाऱ्यालाही काही हवं असतं.

वाटाघाटी लांबल्या. निकालापासून शपथविधीपर्यंत 16 दिवस गेले. राष्ट्रवादीत मुख्यमंत्रिपदाला साजेशी नावं एकाहून जास्त होती, भुजबळ होते, आर. आर. पाटील होते, अजित पवार होते. एकाला पुढे केलं की बाकीच्यांची समजूत काढणं आलं. तिकडे दिल्लीत त्याच वर्षी मे महिन्यात दोन्ही पक्ष एकाच केंद्र सरकारात बसले होते, शरद पवार केंद्रात कृषिमंत्री होते. मुंबईतलं गणित दिल्लीला सोडून मांडता येत नव्हतं. शेवटी तोडगा निघाला. मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे राहील, त्याच्या बदल्यात राष्ट्रवादीला मंत्रिपदं जास्त मिळतील. काँग्रेसनेही तेव्हाचे मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे यांच्या जागी पुन्हा विलासरावांना आणलं. 1 नोव्हेंबर 2004 ला विलासराव मुख्यमंत्री झाले, आर. आर. पाटील उपमुख्यमंत्री.

एका खुर्चीच्या बदल्यात काय मिळालं ते नीट पाहू. गृह खातं आर. आर. पाटलांकडे, अर्थ खातं जयंत पाटलांकडे. गृह म्हणजे पोलीस. अर्थ म्हणजे प्रत्येक खात्याच्या खर्चाची फाइल. रस्ता असो, धरण असो, शाळेची इमारत असो, पैसे लागणारा कोणताही प्रस्ताव अर्थ विभागाच्या अभिप्रायाशिवाय पुढे सरकत नाही. ही दोन्ही खाती 1999 पासून 2014 पर्यंत, आघाडीच्या तिन्ही विधानसभांत, राष्ट्रवादीकडेच राहिली. मुख्यमंत्री एका पक्षाचा, पोलीस आणि तिजोरी दुसऱ्या पक्षाची. म्हणून शपथविधीला कोण कुठे बसलं ते पाहण्यापेक्षा गृह आणि अर्थ कुणाकडे गेलं ते आधी पाहावं. गृह आणि अर्थ.

मुख्यमंत्रिपद तेव्हा सोडायला नको होतं, असं अजित पवारांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखवलं. मला त्यांचं म्हणणं पटतं. खाती पुढच्या वाटपात बदलू शकतात. मुख्यमंत्री म्हणून काम केल्याचा अनुभव आणि राज्यभरची ओळख पक्षाला दुसऱ्या कशातून मिळत नाही.

आणि एकदा केलेला सौदा पुढच्या निवडणुकीनंतर पुन्हा टेबलावर येतो. 2009 ला काँग्रेस 82 आणि राष्ट्रवादी 62 झाली. आता पारडं काँग्रेसचं जड होतं, तर राष्ट्रवादीला हातातली खाती सोडायची नव्हती. 22 ऑक्टोबरला निकाल लागला, 3 नोव्हेंबरला जुन्या विधानसभेची मुदत संपली, आणि अशोक चव्हाणांचा शपथविधी झाला 7 नोव्हेंबरला. पुन्हा 16 दिवस. आणि गृह व अर्थ? तेव्हाही राष्ट्रवादीकडेच.

वेळ थोडा उरलाय, म्हणून पालकमंत्र्यांबद्दल एवढंच. जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे असतं, म्हणजे जिल्ह्याच्या वार्षिक निधीची वाटणी त्याच्या हाती. खातेवाटप मिटलं तरी इथे नाराजी निघतेच. 18 जानेवारी 2025 ला पालकमंत्र्यांची यादी आली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिक या दोन जिल्ह्यांच्या नेमणुकांना स्थगिती द्यावी लागली. कारण या जिल्ह्यांवर सत्तेतल्या वेगवेगळ्या पक्षांतले एकाहून जास्त मंत्री दावा सांगत होते. पालकमंत्री शक्यतो त्याच जिल्ह्याचा असावा असं मला वाटतं. टंचाईची बैठक घ्यायला बाहेरचा मंत्री येईपर्यंत टँकर थांबत नाहीत. पुढच्या वेळी नवं सरकार आलं तर ही यादीही खातेवाटपाच्या शेजारी ठेवून वाचा. कुठल्या पक्षाला कमी खाती आणि जास्त जिल्हे मिळाले, ते त्यातच दिसेल.

नमस्कार.