ग्रेड थ्री

(दृश्य : वसतिगृहाची खोली, रात्र. गुडघ्यावर पेनाचे ठिपके.)

कमरेच्या खाली, मांडी जिथे सुरू होते तिथे बाहेरच्या अंगाला एक हाड हाताला लागतं. ग्रेटर ट्रोकँटर. पुस्तकात त्याच्याकडे बाण काढलेला असतो, माणसाच्या अंगावर तो शोधावा लागतो. म्हणून फिजिओथेरपीच्या या विद्यार्थिनीने मैत्रिणीच्या खुब्यावर तळवा टेकवलाय आणि दुसऱ्या हाताने तिचा पाय आत-बाहेर फिरवतेय. बोटांखाली काहीतरी गोल सरकतं. सापडलं! तिथे एक ठिपका. गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर दुसरा, घोट्याच्या हाडावर तिसरा.

आता गोनिओमीटरचा, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या दोन पट्ट्यांच्या साधनाचा, सांधा मधल्या ठिपक्यावर. एक पट्टी खुब्याकडे, दुसरी घोट्याकडे. मैत्रीण गुडघा वाकवते. १३५ अंश.

ठिपके पुसायचे, पुन्हा पहिल्यापासून. उद्या बीपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल आहे. तोंडी परीक्षेची उत्तरं पाठ करता येतात. ट्रोकँटर पाठ करता येत नाही.

(दृश्य : फिजिओथेरपी विभागातलं काचेचं कपाट. जुने कॅलिपर, चामड्याचे पट्टे.)

पायाला आधार देणारे हे कॅलिपर पोलिओ झालेल्या मुलांचे. स्नायूची ताकद हाताने मोजून तिला आकडा द्यायची पद्धतही पोलिओनेच शिकवली. बोस्टनचे अस्थिशल्यचिकित्सक रॉबर्ट लव्हेट यांनी गुरुत्वाकर्षणालाच मापाचं वजन केलं, आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी १९१२ मध्ये ती पद्धत लिहून प्रसिद्ध केली. आपल्याकडे फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय १९५३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, त्यामागेही पोलिओच होता. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. कपाटाला कुलूप लागलं, पण शून्य ते पाच हे आकडे अजून रोज वापरात आहेत.

(दृश्य : वॉर्ड, सकाळ. खाटेवर बसलेले काका.)

काकांना गियाँ-बारे सिंड्रोम झालाय. जीबीएस. २०२५ च्या जानेवारीत पुण्यातल्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या भागात रुग्ण वाढले तेव्हा शहरात घराघरात हे नाव पोचलं. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. बहुतेकदा आधी पाय जातात, दोन्ही बाजूंचे, मग अशक्तपणा वर चढत जातो. गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. अशक्तपणा छातीपर्यंत पोचला तर श्वास अडतो, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत काकांना एका श्वासात आकडे मोजायला लावायचे. आता ते दिवस मागे पडलेत.

"काका, गुडघ्याची ताकद बघायचीये. चालेल ना?"

"बघ की पोरी."

चादर सारखी केली. आता नीट बघा, कारण इथेच बहुतेकांची चूक होते. ती काकांना काहीच करायला सांगत नाही. स्वतःच्या हाताने त्यांचा पाय सरळ करून बघते. सांधा मोकळा आहे. तोच आखडलेला असता, तर पाय सरळ न झाल्याचा दोष स्नायूवर ठेवता आला नसता. परीक्षेच्या धावपळीत ही पायरी सुटते आणि पुढचा आकडा खोटा पडतो.

मग काका खाटेच्या कडेला, पाय खाली लोंबते. "आता तुम्ही करा."

उजवा पाय वर येतो. सावकाश, पण गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण सरळ. ग्रेड थ्री.

डावा. वर येतोय... येतोय... झाला?

हा क्षण पुन्हा दाखवतोय, संथ गतीने. पायाकडे बघू नका, पाठीकडे बघा. काका मागे रेललेत, हातांनी खाटेची कड घट्ट धरलीये. यात फसवणूक नाही. एक स्नायू कमी पडला की शरीर दुसऱ्या वाटा शोधतं. तिने ते टिपलंय. "काका, पाठ सरळ. हात मांडीवर." पुन्हा. आता शेवटचे काही अंश राहतात. पाय थरथरतो, थांबतो. थ्री मायनस.

(दृश्य : हातांचे क्लोजअप, एकामागून एक.)

याच्या खालचे ग्रेड ती मैत्रिणीवर करून दाखवते. कुशीवर झोपवून पायाला खालून आधार दिला की गुरुत्वाकर्षण बाजूला झालं. तिथे पूर्ण हालचाल झाली तर दोन. तिथेही खुबा आत वळवला की गुडघा आपोआप सरळ होत जातो, नजर हवी. हालचाल नाही, पण गुडघ्याच्या वाटीच्या वर टेकवलेल्या बोटाला नुसती फडफड जाणवली, तर एक. काहीच नाही, तर शून्य.

वरचे दोन ग्रेड हाताच्या जोरावर. घोट्याच्या जरा वर पंजा, हळूहळू वाढता दाब. पाय ठाम राहिला तर पाच, थोडा दाब पेलून ढळला तर चार. चारवरून नेहमी वाद होतात, कारण बारीक अंगाच्या मुलीचा दाब वेगळा आणि तालमीतल्या मुलाचा वेगळा. तीन मात्र कुणाच्या दंडावर अवलंबून नाही. तपासणारा कुणीही असो, पृथ्वी पाय सारख्याच जोराने खाली ओढते. म्हणून आम्ही या एका आकड्यापाशी इतका वेळ कॅमेरा धरला. तो ओळखायला यंत्र लागत नाही, अशा शंभर खाटांजवळ उभं राहिलेले डोळे लागतात. विद्यार्थ्यांना त्या खाटांजवळ जितका वेळ मिळेल तितका थोडा आहे.

थ्री मायनसला थ्री समजून आधाराशिवाय उभं केलं, तर गुडघा मुडपतो आणि माणूस पडतो. काकांच्या डाव्या गुडघ्याला ब्रेस आहे.

(दृश्य : परीक्षेचा दिवस. बंद दार.)

आत कॅमेरा नेता येत नाही. चिठ्ठीत तिला कोणती केस आली, ते या दाराआड.

(दृश्य : पॅरलल बार, धरून चालायचे दोन समांतर दांडे. काका उभे, शेजारी फिजिओथेरपिस्ट मॅडम.)

काका मोठ्याने पावलं मोजतायत. अकरा, बारा. जीबीएसमधून सावरणारा स्नायू दमेपर्यंत राबवला तर उलट मागे जातो. व्यायाम थोडा, विश्रांती जास्त, आणि थांबायचं ते दमायच्या आधी.

तेरा. काकांना अजून जायचंय. मॅडमचा हात त्यांच्या पाठीवर आहे, नजर डाव्या गुडघ्यावर.

"बसा आता, काका."