बाटलीत साखर किती घालायची?

मंडळी, मागे आवाज येतोय ना? बरं. तर बिअर बनवून झालेली आहे, फर्मेंटरमधे, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, दोन-तीन आठवडे पडून आहे, घोट घेतला तर चव बिअरचीच आहे पण मेलेली, जिभेवर काही चुरचुरत नाही. आजचा विषय तेवढाच, ही बिअर बाटलीत गेल्यावर तिच्यात गॅस कसा भरायचा. माल्ट, हॉप्स, उकळणं यावर मी काही बोलणार नाहीये, त्यावर यूट्यूबवर ढिगाने पडलंय.

आधी कायद्याचं उरकून घेतो, कारण इथले निम्मे लोक याचा व्हिडिओ काढून पुण्याला भावाला पाठवणार. अमेरिकेत १९३३ला दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला सूट मिळाली आणि बिअर राहूनच गेली, ती थेट १९७८ला राष्ट्राध्यक्ष कार्टरनी सही केली तेव्हा सुटली, १ फेब्रुवारी १९७९पासून. घरात एकच प्रौढ माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, आणि विकायची नाही. राज्यांचे कायदे परत वेगळे, अलाबामा आणि मिसिसिपीला २०१३ उजाडावं लागलं. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय असलं काही घरी बनवणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा भावाला व्हिडिओ पाठवा, यीस्ट पाठवू नका.

आता मुद्द्यावर. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल सोडतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. फर्मेंटरमधे हा गॅस एअरलॉकमधून, म्हणजे झाकणावरच्या गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेतून, उडून गेला, तिथे त्याला वाट होती. मग बाटलीत भरताना थोडी साखर परत घालायची, वरून बूच घट्ट मारायचं, यीस्ट ती साखर खाणार आणि या वेळी गॅसला जायला जागाच नाही, तो बिअरमधे विरघळणार. यालाच प्रायमिंग म्हणतात. बिअर कितीही नितळ दिसली तरी दर मिलीलिटरला लाखोंनी यीस्टच्या पेशी तरंगत असतात, त्यामुळे "यीस्ट परत घालायचं का" हा प्रश्न नेहमीच्या बिअरला येतच नाही, अल्कोहोल खूप चढं असेल किंवा बिअर महिनोन्‌महिने मुरत ठेवलेली असेल तर थोडं ताजं घाला.

साखर किती? इथे सगळे चमचा काढतात आणि माझं भांडण त्या चमच्याशी आहे. साध्या साखरेचा एक ग्रॅम पूर्ण आंबला तर अर्धा ग्रॅमच्या किंचित वर गॅस देतो. बिअरमधला गॅस मोजतात "व्हॉल्यूम"मधे, म्हणजे एक लिटर बिअरमधे शून्य डिग्रीला आणि नेहमीच्या दाबाला मोजला तर किती लिटर गॅस विरघळलाय. एक व्हॉल्यूम वाढवायला लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर लागते, हा आकडा पाठ करून ठेवा, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. इंग्लिश धाटणीच्या एल बिअरला दीड ते दोन व्हॉल्यूम बास, अमेरिकन पेल एलला सव्वादोन ते अडीच, जर्मन गव्हाच्या बिअरला साडेतीनच्या आसपास, कधी त्याहूनही वर.

आता ३५५ मिलीची नेहमीची तपकिरी बाटली घ्या. तिला पेल एलसाठी साखर लागते दोन ग्रॅमच्या जरा वर, म्हणजे चहाचा अर्धा चमचा, तोही सपाट. हात जड असेल आणि पूर्ण चमचा पडला तर झाले चार ग्रॅम, आणि बाटलीतला गॅस गेला जवळजवळ ४ व्हॉल्यूमला. २.४ व्हॉल्यूमला २० डिग्री सेल्सिअसला बाटलीत दाब असतो २५ पीएसआयच्या (पाउंड दर चौरस इंच) पुढेमागे, तुमच्या गाडीच्या टायरपेक्षा थोडा कमी. ४ व्हॉल्यूमला तोच पन्नासच्या वर जातो, आणि टेक्सासमधे उन्हाळ्यात गॅरेजमधे बाटल्या ठेवल्या तर अजून वर. साध्या बिअरच्या बाटल्या याच्यासाठी बनवलेल्या नसतात. सगळा फरक अर्ध्या चमच्याचा आहे, आणि लोक शुगर कॅल्क्युलेटर उघडून दशांशापर्यंत आकडा काढतात आणि मग कपाने मोजतात! वीस डॉलरचा डिजिटल काटा घ्या हो, ग्रॅममधे वजन करा.

दुसरं म्हणजे बिअर काही गॅस आधीच बाळगून असते, आणि नेमकं हेच लोक विसरतात. आंबण चालू असताना ती गॅसने भिजलेलीच असते, किती तो राहिला हे तापमानावर, २० डिग्रीला साधारण ०.८५ व्हॉल्यूम, १० डिग्रीला १.२च्या आसपास, गोठायच्या जवळ नेली तर १.७. थंडीत गॅस जास्त विरघळतो एवढंच त्यामागे आहे. म्हणजे १९ लिटरची, पाच गॅलनची बॅच आहे, २० डिग्रीला आंबलीये, २.४ व्हॉल्यूम हवेत, तर मुळात कमी पडतात दीडच्या जरा वर, गुणिले चारपेक्षा जरा कमी, गुणिले एकोणीस, झाली ११०-११५ ग्रॅम साखर. होमब्रूच्या दुकानात मिळते ती कॉर्न शुगर वापरलीत तर १२५-१३० घ्या कारण तिच्यात पाण्याचं वजन धरलेलं असतं. मी स्वतः किचनमधलीच साखर वापरतो, एवढ्याशा साखरेने चवीत फरक पडतो म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पण इथे एक गोची आहे. बरेच जण बाटलीत भरायच्या आधी दोन दिवस फर्मेंटर फ्रिजमधे ठेवतात, गाळ खाली बसावा म्हणून. भरताना बिअर २ डिग्रीला असते, मग ते कॅल्क्युलेटरमधे २ टाकतात, कॅल्क्युलेटर म्हणतं हिच्यात गॅस भरपूर आहे, ६० ग्रॅम साखर पुरे. आणि बिअर निघते मिळमिळीत. कारण जो गॅस २० डिग्रीला उडून गेला तो बिअर नंतर थंड केली म्हणून परत येत नाही, फर्मेंटरच्या वरच्या मोकळ्या जागेतला थोडासा आत जाईल, तेवढाच. तेव्हा आंबण संपल्यावर बिअर जास्तीत जास्त किती गरम झाली होती तो आकडा टाकायचा, भरतानाचा नाही.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात घातक. आंबण खरंच संपलंय का? एअरलॉक बुडबुडायचा थांबला याने काही सिद्ध होत नाही, झाकण नीट बसलेलं नसलं तरी तो थांबतो. हायड्रोमीटर, म्हणजे बिअरची घनता मोजणारी काचेची नळी, बुडवायचा, आकडा लिहायचा, दोन-तीन दिवसांनी परत बुडवायचा, तोच आकडा आला तर संपलं. ग्रॅव्हिटीचा (पाण्याच्या तुलनेत घनतेचा) एक पॉइंट, म्हणजे १.०१३वरून १.०१२, बाटलीत आंबला तर अर्धा व्हॉल्यूम गॅस देतो. चार पॉइंट बाकी असताना तुम्ही भरलंत तर तुमच्या मोजून-मापून घातलेल्या साखरेच्या वर अजून २ व्हॉल्यूम. साखर ग्रॅममधे मोजली काय न मोजली काय, बाटल्या फुटणारच. सेझाँ नावाच्या बेल्जियन बिअरची काही यीस्ट तर अजून छळतात, बाकीच्या यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळीच्या साखरा ती सावकाश तोडून खात बसतात, आठवडे-महिने. पाकिटावर डायस्टॅटिकस, म्हणजे असल्याच यीस्टचं नाव, लिहिलेलं दिसलं की चार आठवडे जास्त थांबा आणि जाड बाटल्या घ्या.

हे दुखणं काही आपलं नवीन नाही. वाइनमधे साखर किंवा काकवी घालून ती फसफसवायची पद्धत ख्रिस्तोफर मेरेट नावाच्या इंग्रजाने १६६२ साली रॉयल सोसायटीपुढे वाचून दाखवली होती. पुढे शॅम्पेनवाले दीडशे-पावणेदोनशे वर्षं अंदाजानेच साखर घालत राहिले, तळघरात बाटल्या फुटायच्या, कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून फिरायचे. १८३०च्या दशकात फ्रान्स्वा नावाच्या एका औषध विक्रेत्याने, शालाँ गावचा तो, वाइनमधे साखर आधीच किती शिल्लक आहे ते मोजून वरून किती घालायची याचा हिशोब बसवून दिला आणि मग फुटाफुटी कमी झाली. आपण हायड्रोमीटर बुडवतो ते दुसरं काय आहे? आज शॅम्पेनला लिटरला २४ ग्रॅम साखर घालतात आणि ६ ॲटमॉस्फिअर दाब मिळतो, म्हणून तिची बाटली तेवढी जाड आणि तळाला आत दबलेली.

करायचं कसं ते सांगतो, हे सोपंय. साखर अर्धा लिटर पाण्यात पाच मिनिटं उकळा, तो पाक आधी बॉटलिंग बकेटमधे, म्हणजे जिच्यातून बाटल्या भरायच्या त्या बादलीत, ओता आणि त्याच्यावर सायफनच्या नळीने बिअर सोडा, नळीचं तोंड तळाला आडवं ठेवा म्हणजे बिअर गोल फिरत भरते आणि पाक आपोआप मिसळतो. तरी शेवटी निर्जंतुक केलेल्या मोठ्या चमच्याने हळूच दोन-चार वेढे द्या. खळखळवायचं नाही, हवा गेली की महिनाभरात ओल्या पुठ्ठ्याची चव येते. बाटल्या पिळून उघडायच्या झाकणाच्या नकोत, बूच नीट बसत नाही. भरायची पोकळ दांडी बाटलीच्या तळाला टेकवून काठोकाठ भरा, दांडी बाहेर काढली की वर बरोब्बर इंचभर जागा उरते. एक बाटली प्लॅस्टिकची भरून ठेवा, रोज दाबून बघा, दगडासारखी टणक झाली की कळतं आत काम झालंय. मग २०-२२ डिग्रीला, अंधारात, खोक्यात झाकून दोन आठवडे. बेसमेंट थंड असेल तर तीन-चार आठवडे धरा.

(श्रोत्यांतून प्रश्न: आठव्या दिवशी उघडली तर "फुस्स" आवाज झाला पण बिअर सपाटच होती, असं का?)

कारण आठव्या दिवशी गॅस पुरता तयार झालेला नसतो, फुस्स व्हायला थोडासा दाबही पुरतो. आवाजावर जाऊ नका. दोन आठवडे झाल्यावरही प्यायच्या आधी दोन दिवस फ्रिजमधे ठेवा, तासभर फ्रीजरमधे टाकून उघडलीत तर निम्मा गॅस फेसातच जाईल.

(प्रश्न: साखरेऐवजी गूळ चालेल का?)

चालेल, स्टाउट या काळ्या बिअरला तर छान लागतो. पण गुळात पाणी असतं, क्षार असतात, आणि इंडियन स्टोअरमधली एक ढेप दुसरीसारखी नसते, त्यामुळे आकडा पक्का सांगता येत नाही. पहिल्या खेपेला साखरेइतकाच गूळ घ्या, थोडा कमी गॅस आला तर आला. मग पुढच्या बॅचला पाच-दहा टक्क्यांनी वाढवा. उकळून गाळून घ्या, तळाला कचरा असतो.

(प्रश्न: आणि साखर जास्त पडलीये असं नंतर लक्षात आलं तर?)

सगळ्यात आधी सगळ्या बाटल्या फ्रिजमधे. थंडीत यीस्ट झोपतं आणि दाबही उतरतो, २.४ व्हॉल्यूमची बाटली ४ डिग्रीला १०-१२ पीएसआयवर येते. एखादी आधीच फुटली असेल तर खोक्याजवळ जाताना चष्मा हवाच, साधा नाही, ड्रिलिंग करताना घालतो तो, आणि जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचं जॅकेट, पोरांना खोलीबाहेर काढा. खोकं हलवायच्या आधी वर जाड टॉवेल टाका. पूर्ण दिवस थंड झाल्यावर एकेका बाटलीवर फडकं धरून बुचाची कड ओपनरने किंचित उचलायची, पूर्ण काढायचं नाही, फुस्स झालं, फेस गळ्यापर्यंत चढायला लागला की सोडून द्या. मग बूच काढून नवं मारा. जास्तच भरल्या असतील तर हे दोनदा करावं लागतं. आणि जिच्यातून फेस थांबतच नाही, वास आंबूस येतोय, तिच्यात बाहेरचे जंतू शिरलेत, ती वाचवत बसू नका, सिंकमधे ओता.