आर्मस्कॉर : बंदीच्या काळातील दक्षिण आफ्रिकेचा शस्त्रोद्योग

श्रोतेहो, एखाद्या देशाला शस्त्रे विकणे बंद केले की तो ती स्वतःच बनवू लागतो, असे म्हटले जाते आणि पुराव्यादाखल वर्णद्वेषी राजवटीतील दक्षिण आफ्रिकेचे नाव घेतले जाते. हे उदाहरण नीट तपासले, तर त्या स्वावलंबनात उसनवारी किती होती ते दिसते.

भारताने १९४६ मध्येच त्या देशाशी व्यापार तोडला होता. सुरक्षा परिषदेने मात्र १९६३ मध्ये शस्त्रे न विकण्याचे केवळ आवाहन केले. ते बंधनकारक नसल्यामुळे फ्रान्स आणि इटलीकडून उत्पादनाचे परवाने मिळत राहिले आणि खरा पाया याच काळात घातला गेला. फ्रेंच पानार गाडीवरून ‘ईलंड’ ही चिलखती गाडी झाली, इटालियन एर्माकीवरून ‘इंपाला’ विमान झाले, आणि १९६८ मध्ये आर्मस्कॉर हे शस्त्रनिर्मितीचे सरकारी महामंडळ स्थापन झाले. सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील गोळीबार आणि वर्णद्वेषविरोधी नेते स्टीव्ह बिको यांचा कोठडीतील मृत्यू यांनंतर, ४ नोव्हेंबर १९७७ रोजी, सुरक्षा परिषदेच्या ठराव ४१८ ने बंदी सक्तीची झाली, तेव्हा कारखाने आणि कुशल कामगार आधीच तयार होते.

जी-५ या १५५ मिलिमीटर तोफेची कथा अधिक बोलकी आहे. १९७५ च्या अंगोला मोहिमेत आपल्या जुन्या ब्रिटिश तोफांचा पल्ला सोव्हिएत बनावटीच्या अग्निबाणांपुढे तोकडा पडतो, हे दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराला कळून चुकले. त्यावर उपाय सापडला तो कॅनडाचे तोफतज्ज्ञ जेराल्ड बुल यांच्या कंपनीकडे. तिने तोफगोळे आणि तंत्रज्ञान बेकायदा पुरवले, आणि त्याबद्दल बुल यांना १९८० मध्ये अमेरिकेत शिक्षा झाली. पुढे हीच तोफ इराकने विकत घेतली. आर-४ ही रायफलही मुळात इस्रायलच्या गलिलची आवृत्ती होती. दक्षिण आफ्रिकेच्या अभियंत्यांचे कसब मी नाकारत नाही. सुरुंगांपासून सैनिकांना वाचवणारी ‘कॅस्पिर’ ही चिलखती गाडी त्यांचीच निर्मिती, आणि नंतर ती भारतीय लष्करानेही घेतली. परंतु तीच गाडी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत दहशतीचे वाहन म्हणून फिरली, हे सांगितल्याशिवाय तिचे कौतुक करणे मला अन्यायाचे वाटते.

बंदीचा घाव बसला तो आकाशात. तोफ किंवा चिलखती गाडी जुन्या आराखड्यात भर घालून सुधारता येते. लढाऊ जेट विमान आणि त्याचे इंजिन मुळापासून घडवणे ही निराळीच गोष्ट आहे. जुन्या फ्रेंच मिराज-३ लढाऊ विमानांची पुनर्बांधणी करून ‘चीता’ उभे केले गेले, तरी १९८७-८८ मध्ये दक्षिण अंगोलातील युद्धात, अंगोला सरकारच्या बाजूने लढणाऱ्या क्यूबाच्या सोव्हिएत बनावटीच्या मिग-२३ विमानांसमोर हवाई वर्चस्व टिकवणे कठीण झाले, आणि गमावलेले प्रत्येक मिराज भरून काढण्याचा मार्ग नव्हता.

मे १९९४ मध्ये बंदी उठली. तोवर आर्मस्कॉरचे कारखाने १९९२ मध्ये स्थापन झालेल्या डेनेल या कंपनीकडे गेले होते. ‘रूइवाल्क’ या हल्लेखोर हेलिकॉप्टरवर वर्षानुवर्षे खर्च झाला, पण परदेशी गिऱ्हाईक मिळाले नाही. स्वदेशी हवाई दलाने घेतली ती फक्त १२.